गाळपेरचं कापलेलं कडवं

स्वारगेटवरून सकाळी साडेसहाची बारामती गाडी पकडली, तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, एक जोडी कपडे आणि मीच लिहिलेली एक पुस्तिका होती. ती पुस्तिका मला कुणाच्या तरी तोंडावर फेकायची होती. कुणाच्या, ते मात्र अजून ठरलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात रॅप करणाऱ्या काही जणांनी स्वतःची कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे काय, तर एक संगणक, एक मायक्रोफोन आणि एक नाव : गाळपेर रेकॉर्ड्स. गाळपेर म्हणजे धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी. मोठ्या कंपन्यांनी ह्यांना विचारलं नाही, म्हणून ह्यांनीही त्यांना विचारलं नाही. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून द्यायचे ना, त्या कार्डांतून ही गाणी गावोगाव गेली. तोवर आपल्याकडची मुलं रॅप करायची ती हिंदीत, आणि हिंदीही धड नाही. गाळपेरनं ‘हाय-न्हाय’च्या बोलीत यमकं जुळवली आणि कितीतरी मुलामुलींना आपल्या तोंडात जी भाषा आहे तीच पुरते हे पहिल्यांदा कळलं. आज कोल्हापुरात, नांदेडात, मुंबईत मराठीतून रॅप करणाऱ्यांना विचारा, ते हे नाव घेतील. तीन अल्बम निघाले आणि कंपनी बंद पडली.

मी तेव्हा पुण्यात होस्टेलवर राहायचे. गाळपेरचं ‘नावं’ नावाचं गाणं आमचं राष्ट्रगीत होतं. त्यात एक मुलगी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या शेतांची नावं धडाधड घेत जाते :

चिंचेचं वावर, जांभळीचं वावर,
खालची पट्टी, वरचं मुरमाड,
धरणानं पानी साठीवलं राव,
नावं कुनी साठीवली, बोला की राव!

मग ठेका एकदम थांबतो आणि मागून एक म्हातारी बाई म्हणते, ‘लवणातलं ऱ्हायलं की गं!’ (लवण म्हणजे ओढ्याकडेची सखल जमीन.) सगळे खो खो हसतात. ते हसू त्यांनी गाण्यात तसंच राहू दिलं होतं. आमच्या खोलीत कुणी किल्ली विसरली, छत्री विसरली, की सगळ्याजणी ओरडायचो, ‘लवणातलं ऱ्हायलं की गं!’

मी दिवसा एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते आणि रविवारच्या पुरवण्यांमधून गाण्यांबद्दल लिहिते. मुंबईच्या एका कंपनीनं गाळपेरचे तिन्ही अल्बम नव्यानं काढायचं ठरवलं, तेव्हा सोबतच्या पुस्तिकेसाठी त्यांनी मला लेख मागितला. मी हरखून गेले. होस्टेलच्या आठवणी आणि गाळपेरचं संगीत करणाऱ्या बारामतीच्या विक्रमशी झालेलं एक लांबलचक फोनवरचं बोलणं, एवढ्या भांडवलावर आठ पानं लिहिली. ‘गाळपेर हे विक्रमनं एकट्यानं पाहिलेलं स्वप्न होतं,’ असं पहिलंच वाक्य.

मग पुण्यात प्रकाशनाचा समारंभ झाला. थंडगार सभागृह, काळे टी-शर्ट, त्यांवर गाळपेरचं जुनं चिन्ह. ‘नावं’ लागलं. मी डोळे मिटले. मुलीचं कडवं यायच्या जागी बासरी आली.

बासरी!

मुलगी नाही, म्हातारी नाही, हसू नाही. माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत होता. कार्यक्रम संपल्यावर मी कंपनीच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, “मॅम, तो पार्ट फार कच्चा होता. आजच्या कानाला टोचतो. लोकांना आठवणीत गोडवा लागतो.”

घरी येऊन मी पुस्तिका उघडली. आठ पानांत त्या मुलीचं नाव नव्हतं. कंपनीनं काढलं म्हणून नव्हे. मी लिहिलंच नव्हतं. बारा वर्षं जिचा आवाज कानात होता तिचं नाव काय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

तर अशी मी निघाले. सासवड, जेजुरी, मोरगाव मागे पडत गेले. वैशाखातलं ऊन आठ वाजताच खिडकीच्या गजांना लागलं होतं. शेजारच्या बाई मुलीकडे चालल्या होत्या, त्यांनी भडंग पुढे केलं आणि विचारलं, “भांडान झालंय का घरात?” माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं, असं आई म्हणते ते खरंच असावं.

बारामती बघितली की आधी रस्ते दिसतात. रुंद, झाडून काढलेले, मधे कापून गोल केलेली झुडपं. विक्रमचं ऑफिस औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर आहे. तो आता लग्नांना, सभांना साउंड आणि लाइट पुरवतो. उंच, हसतमुख, मनगटात कडं. मला बघून खराखुरा आनंद झाला त्याला. “अनघाताई! काय लेख लिहिलात! आमच्या मिसेसनं स्टेटसला ठेवला.”

“बासरी कुणी घातली?” मी विचारलं.

“कंपनीनं. गोड वाटतं, नाही?”

“आणि ती मुलगी?”

“कोण?” मग बाहेर चहा सांगून, “अच्छा, ती. ती काय लेबलमधली नव्हती हो. आली, एकदा गायली, लग्न होऊन गेली.”

“नाव काय तिचं?”

त्यानं टेबलावरचा फोन उचलून सरळ ठेवला. “आता नाही आठवत बघा.”

चहा आला. त्याच्या मागे भिंतीवर पहिल्या अल्बमचं मूळ मुखपृष्ठ काचेच्या चौकटीत लावलं होतं. मी ते आधी कधी बघितलं नव्हतं. आमच्यापर्यंत आली ती नुसती कार्डं. भेगाळलेला गाळ आणि त्यातून आलेला एक कोंब, हाताने काढलेला. बारीक अक्षरं वाचायची मला धंद्यानंच सवय आहे. उठून चौकटीजवळ गेले. उजव्या कोपऱ्यात निळ्या पेनानं लिहिलं होतं : ‘नाव, शब्द, चित्र - कल्पना. संगीत - विक्रम.’

“हे काय आहे?” मी विचारलं.

तो वळला. एवढ्याशा ओळीला लागू नये इतका वेळ तो ती वाचत राहिला. “ते… तेव्हा कुणी काहीपण लिहायचं हो.”

“कंपनीला ‘गाळपेर’ हे नावसुद्धा तिनंच दिलं?”

“ताई, नाव कुणीपण देतं. मशीन माझं होतं, मेहनत माझी होती. बारा वर्षांनी कोण उकरून काढतं हे सगळं? लोक खूश आहेत, तुम्ही खूश होतात. राहू द्या ना छान.”

‘राहू द्या ना छान.’ मी चहा तसाच ठेवून उठले. पुस्तिका फेकणार होते, ती नुसती टेबलावर ठेवली. फेकायला हात धजेना, कारण तिच्यावर नाव माझं होतं.

तणतणत स्टँडवर आले तर फोन बंद पडायला आलेला आणि चार्जर पुण्यात. स्टँडसमोर मोबाइलची लहानशी दुकानं ओळीनं आहेत. एकात शिरले आणि काउंटरच्या काचेवर बघते तर फिकट झालेला स्टिकर : भेगाळलेला गाळ आणि कोंब.

दुकानदार मुलाणीभाई, पिकलेली दाढी, चष्मा कपाळावर. मी स्टिकरवर बोट ठेवून विचारलं, “कल्पना कोण, माहीत आहे का?”

“कल्पना? पळसदेवची. आता म्हाईत न्हाय म्हनलं तर गुन्हा व्हईल.” त्यांनी चष्मा खाली घेतला. “ती सोता यायची हितं, यष्टीनं, पेन ड्राइव्ह घिऊन. म्हनायची, ‘मुलाणीभाई, कुनी बी कार्ड भराया आलं की माझं एक गानं फुकाट घाला. आवडलं तर मानूस परत यील.’ आन् यायची की मानसं! भिगवन, दौंड, पार करमाळ्याची. म्हनायची, ‘ती बाई बोलती ते भरा.’”

“आणि विक्रम?”

“त्यो मागनं आला. त्याच्याकडं संगणक हुता. वाईट न्हाय पोरगा, वाजवायचा झ्याक. पर गाडी कुनी जुपली आन् फुडं कोन बसलं, ह्यात फरक हाय का न्हाय?”

त्यांच्या जुन्या फोनमध्ये गाणं होतं. त्यांनी दुकानातच लावलं. बारा वर्षांनी ते कडवं ऐकलं आणि माझ्याही तोंडून ‘लवणातलं ऱ्हायलं की गं!’ निघालं. लगेच पाठोपाठ रागही आला, की ह्याच्या जागी बासरी? मुलाणीभाईंनी गाणं माझ्या फोनमध्ये घालून दिलं, चार्जर दिला आणि भिगवणच्या गाडीची वेळ सांगितली.

भिगवणला उतरून वडापमध्ये (माणशी भाडं घेणारी जीप) बसले. पळसदेव म्हणून सांगितलं होतं, पण ड्रायव्हरनं अलीकडे डाळजलाच गाडी थांबवली. “सोलापूरवाले बसा, बाकीचे उतरा.” मी वाद घातला, तो हसत निघून गेला. भर दुपारी हायवेच्या कडेला उभी राहिले. चालायला लागले तर चपलेचा अंगठा तुटला.

रस्त्याला लागून एका शेडमध्ये नवरा-बायको काकड्या क्रेटमध्ये भरत होते. मोठ्या एकीकडे, वाकड्या एकीकडे. बाईंनी मला हाक मारून सावलीत घेतलं. वाकडी काकडी चिरून, मीठ-तिखट लावून हातात ठेवली. मी कल्पनाचं नाव काढताच त्यांचे हात थांबले.

“कल्पी? साळंत माझ्या फुडं हुती. त्वांड उघडलं की मास्तर गप.” त्या हसल्या. “पर ती न्हाय तितं आता. तिचं वडील हायत, तात्या. तेन्ला इचारा. आमी माल घिऊन त्याच वाटंनं चाललोय, बसा टेम्पोत.”

त्यांच्या नवऱ्यानं तारेचा तुकडा घालून माझी चप्पल सांधून दिली आणि काकड्यांच्या क्रेटवर बसून मी पळसदेवला पोचले.

धरणाचं पाणी पार आत गेलं होतं. एरवी जिथं होड्या असतात तिथं भेगा पडलेला काळा गाळ, कडेकडेनं मक्याचे हिरवे पट्टे, आणि त्यापलीकडे जुनं देऊळ शिखरापासून पायापर्यंत उघडं. देवळापाशी ही गर्दी. लग्न ठरलेलं एक जोडपं फोटो काढून घेत होतं; मुलीचा गुलाबी घागरा गाळावर पसरलेला, वर ड्रोन भुणभुणत होता.

तात्या बांधावर जाळं दुरुस्त करत बसले होते. सत्तरीपुढचे, सडपातळ. मी कल्पनासाठी पुण्याहून आले म्हटल्यावर उठून उभे राहिले. मग देवळाकडे बघून म्हणाले, “बघा की. गाव बुडालं तवा कोन आलं न्हाय. आता हाडं उघडी पडली की समदी येत्यात, फोटू काडाय.”

मला ते बोलणं लागलं. मीही त्याच रांगेतली होते.

जिथं गाणी रेकॉर्ड व्हायची ती पाण्याच्या मोटारीची खोली त्यांनी मला दाखवली. विहिरीजवळ, पत्र्याची, दहा बाय दहाची. भिंतींवर अजून खिळे होते. “हितं वाकळा, गोधड्या टांगायच्या. आवाज घुमू ने म्हनून. लाइट यायच्या टायमाला मोटार सुरू झाली की समदं परत पयल्यापासनं.”

“आणि गाण्यातल्या त्या आजी?” मी विचारलं.

“आजी कुठली, तिची आई ती. च्या घिऊन आल्ती. कल्पीला शेतांची नावं तिनंच सांगितलेली. दारात उभी राहून ऐकत हुती, आन् एक नाव चुकलं म्हनल्यावर ऱ्हावलं न्हाय तिला. बोलली मधीच!” तात्या हसले. “कल्पीनं म्हनलं, ह्ये काडायचं न्हाय. आसंच ऱ्हाऊ दे.” हातात धरून आणलेल्या जाळ्याची गाठ त्यांनी दातानं ओढली. “तीन वर्सं झाली तिला जाऊन.”

होस्टेलात किल्ली विसरल्यावर आम्ही जे ओरडायचो, ते ह्या माणसाच्या बायकोचं बोलणं होतं.

“पुन्यात मोठ्या हॉलात वाजलं म्हनं गानं,” तात्या म्हणाले. “तिचं बी वाजलं आसंल न्हवं?”

मला खरं सांगता आलं नाही. मी मान हलवली. कशीही समजावी अशी हलवली. त्यांच्या सुनेनं चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी वाढली. कालवण झणझणीत, चवदार होतं, आणि मला एकेक घास गिळताना स्वतःची चीड येत होती. कंपनीनं तर नुसतं कापलं. मी खोटं बोलून वर जेवायला बसले.

कल्पना निरवांगीला असते, रोपवाटिका चालवते, एवढं कळलं. त्या दिवशी इंदापूरच्या लॉजवर मुक्काम केला आणि सकाळी पहिल्या गाडीनं निरवांगी गाठली.

रोपवाटिका रस्त्यालाच आहे. हिरव्या जाळीखाली काळ्या ट्रेंच्या रांगा, त्यांत बोटभर उंचीची मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं. आत गारवा आणि ओल्या मातीचा वास. साधारण माझ्याच वयाची एक बाई, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, बी टोचत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “तुमीच का अनघा?”

“हो. तात्यांनी फोन केला वाटतं.”

“व्हय.” तिनं हात पुसले, फोन काढला. माझ्या लेखाच्या पहिल्या पानाचा फोटो तिच्याकडे होता, कुणीतरी पाठवलेला. तिनं मोठ्यानं वाचलं, “‘गाळपेर हे विक्रमनं एकट्यानं पाहिलेलं स्वप्न होतं.’ ह्यातला ‘एकट्यानं’ कुठनं आणला वो तुमी?”

दहा वर्षं मी लोकांच्या लिहिण्यातले चुकीचे शब्द शोधते आहे. एवढा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

“विक्रमनं सांगितलं,” मी म्हणाले.

“त्यानं सांगितलं आन् तुमी लिवलं. निरवांगी काय इलायतंत हाय? गाण्यात बाईचा आवाज हाय, तर बाई कुठं हाय इचारायला एक फोन न्हाय झाला?”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.”

मी घाईघाईनं फोन पुढे केला. म्हटलं, मूळ गाणं मी मिळवून आणलंय, आईंच्या आवाजासकट, तुमच्यासाठी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मोठ्यानं हसली.

“माझ्यासाठी? आवो, माझ्याकडं हाय की. रोज सकाळी जाळी उघडताना लावते. माझी पोरगी आज्जीला त्याच्यातनंच वळखती. तुमाला काय वाटलं, आमचं हरावलं हुतं आन् तुमाला घावलं?”

मी अगदी तेच समजून चालले होते. दोन दिवस उन्हातान्हात फिरले ती आपण काहीतरी परत द्यायला चाललोय ह्या तोऱ्यात.

मग तिनं ट्रेमध्ये बी टोचत टोचतच सांगितलं. इंदापूरला गाळपेरचा शेवटचा कार्यक्रम होता. मोठा मंडप, मोठे पाहुणे. विक्रम स्टेजमागे येऊन म्हणाला, आज ते शेतांचं कडवं नको, पाहुण्यांना बरं वाटणार नाही. तिनं ते कडवं म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो मोटारीच्या खोलीतून संगणक घेऊन बारामतीला गेला. तो गेला तो परत आला नाही.

“लगीन झालं म्हनून गानं सुटलं, आसं सांगतोय न्हवं त्यो? मी गानं सोडलं न्हाय. मी त्याला सोडलं. आन् मग धा-बारा वर्सं कोन इचारत बी नव्हतं, तर गपचाप रोपं केली. आता तुमाला समद्यास्नी एकदम उमाळा आलाय.” तिनं ट्रे बाजूला सरकवला. “लावा फोन त्याला.”

मी लावला, आवाज मोठा केला.

“बोला अनघाताई,” विक्रम म्हणाला.

“मी कल्पना बोलतीय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “कल्पे… कशी हायेस?” बारामतीच्या ऑफिसातली भाषा गळून पडली होती.

“आईला का काडलंस?”

“मी न्हाय काढलं. कंपनीनं…”

“सही कुनाची हाय?”

“माझी.”

“आई गेलेली तुला म्हाईत हुतं?”

“हुतं.” त्याचा आवाज बारीक झाला. “मयताला यायचं हुतं मला. तिच्या हातचं लई खाल्लंय गं मी. त्वांड न्हवतं यायला.”

“यायला त्वांड न्हवतं. मग सही करताना कुठनं आनलंस त्ये?”

तो एकदम म्हणाला, “कल्पे, पुढच्या महिन्यात मुंबईला कार्यक्रम हाय. तू ये. स्टेजवर ये. लोकांना तुझी आठवण करून देऊ आपण.”

“आठवन मेलेल्या मानसाची काडत्यात, इक्रम. मी हितं मिरची लावतीय.”

तिनं फोन बंद करून माझ्या हातात दिला. मला वाटलं आता रडेल. तिनं नळाखाली तोंड धुतलं आणि म्हणाली, “गाडी आली बघा. ट्रे उचलायला लागा, नुसतं उभं राहून काय उपेग?”

मी उचलायला लागले. तिसऱ्याच ट्रेला माझी तारेनं सांधलेली चप्पल अडकली आणि मिरचीची रोपं जमिनीवर. “आगं आगं! पुन्याच्या बाई!” ती ओरडली. “लेख बी आसाच लिवला वाटतं, पाय न बघता!” आम्ही दोघी गुडघ्यावर बसून एकेक रोप परत ट्रेच्या खड्ड्यात बसवत राहिलो. तेव्हा ती मला आईंबद्दल सांगत होती. पाणी ओसरलं की आई पहाटे गाळात उतरायची, पाय मांडीपर्यंत रुतायचे, तरी पेरायची. पुढचं पाणी कधी चढेल ह्याचा नेम नाही, तरी पेरायची. “नाव कुठनं आलं ते इचारलं असतंत, तर ह्येच सांगितलं असतं,” ती म्हणाली. ह्या वेळी आवाजात धार नव्हती, आणि ते जास्त लागलं.

इंदापूरहून पुण्याची गाडी हायवेनं येते. पळसदेव खिडकीतून क्षणभर दिसलं. मी पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत होते, मला नेमकं काय हवं होतं? गाळपेर परत हवं होतं का? नाही. मला तेवीस वर्षांची मी परत हवी होती, आणि त्यासाठी मी दुसऱ्याचं गाव, दुसऱ्याची आई वापरली होती. कंपनीच्या माणसावर मी चिडले होते ते त्यानं आठवण गोड केली म्हणून. पण गोड करायची सुरुवात मी बारा वर्षांपूर्वीच केली होती. विचारायचं ते विचारलं नाही, की आठवण आपोआप गोड होते.

आल्यावर मी कंपनीला लिहिलं : माझा लेख काढून टाका आणि कडवं परत घाला. उत्तर आलं की पुस्तिका छापून झाल्या आहेत, मात्र पुढच्या आवृत्तीत ‘विशेष आभार : कल्पना’ अशी ओळ घालता येईल. मी ते कल्पनाला वाचून दाखवलं.

“आभार?” ती म्हणाली. “मी काय च्या दिलता व्हय?”

मग मी जिथे जिथे लिहिते तिथे खरं काय ते लिहिलं. गाळपेरच्या जुन्या चाहत्यांनी मला शिव्या घातल्या. ‘आमच्या आठवणी नासवू नका,’ हे त्यांतलं सर्वांत सभ्य वाक्य. काहींनी मात्र मूळ गाणं मागितलं. तेव्हा कल्पनानं ते स्वतःच्या नावानं इंटरनेटवर टाकलं. हजारो नव्हेत, पण माणसं यायला लागली. पलूसच्या एका मुलीनं लिहिलं, ‘ही बाई माझ्या आत्यासारखी बोलते.’

तिसऱ्या आठवड्यात गाणं गायब झालं. त्या जागी एक करडी चौकट आणि ओळ : हक्कधारकाच्या तक्रारीवरून काढून टाकले आहे. हक्कधारक, म्हणजे ती मुंबईची कंपनी! जिच्या आईनं ती नावं सांगितली, जिनं ती रचली, तिच्या तोंडातून ती काढून घेऊन हे हक्कधारक. मी ऑफिसात होते. समोरच्या मुद्रितावर पेन इतक्या जोरात आपटलं की शाई उडून पान खराब झालं. बाहेर जिन्यात जाऊन तिला फोन लावला आणि ओरडले, “आपण कोर्टात जाऊ! ह्यांना सोडायचं नाही!”

“जाऊ की. इंदापुरात वकील बघून आले सकाळीच,” ती शांतपणे म्हणाली. “वराडू नका. मी बी चिडलीय. पर चिडून मी बसत न्हाय नुसती. काल नवं लिवलंय. ऐकताय का?”

“ऐकते ना. थांबा, लिहून घेते…”

“आत्ता काय बी लिवायचं न्हाय. तुमी लगीच लिवता, तितंच घोटाळा हुतो. आधी ऐका.”

पलीकडे जाळीखाली पाणी सुटल्याचा सळसळाट आला. त्यावर तिनं ट्रेवर बोटांनी ठेका धरला, आणि सुरू केलं.